रिलीव्हर येईपर्यंत

स्क्रीनवरची हिरवी रेघ पुन्हा त्याच जागी सपाट झाली.

दामिनीने डाव्या हाताने चित्र मागे नेलं. उजवा हात तिचा नव्हता. मांडीवर झोपलेल्या उन्नतीने त्याचं बोट मुठीत धरलं होतं. नऊ महिन्यांची मूठ ती केवढीशी! पण सोडवायला गेलं की डोळे टक्क उघडायचे, आणि मग तासभर काही खरं नसायचं.

सकाळपासून ही अकरावी वेळ. कॉम्प्युटरवरच्या चाचणीत चिप सुरूच होत नव्हती. तिच्यातलं दामिनीने स्वतः काहीच बनवलं नव्हतं. प्रोसेसर एका टीमचा, मेमरी दुसऱ्या कंपनीची, चालू होताना पहिला प्रोग्राम आणून ठेवणारा छोटा ब्लॉक तिसऱ्यांचा. एकेकटे तपासलेले, एकेकटे शहाणे. दामिनीचं काम फक्त त्यांना एका चिपवर नांदवायचं. आणि एकत्र आले की सगळे मुके.

अडीचला मीटिंग होती. शामसुंदर सरांनी सकाळीच बंगळुरूहून गोड आवाजात सांगितलं होतं, "आज नाही चाललं तर जोडणीचं काम साक्षीकडे देऊ या. घरी बाळ आहे तुझं, आम्ही समजू शकतो." त्या समजून घेण्याचाच तिला राग येत होता. दीड वर्ष खपली होती ती या चिपवर. त्यातले नऊ महिने पोटात उन्नती.

दोनला नवऱ्याची, धनंजयची, शिफ्ट सुटायची. स्टील प्लांटपासून मरोद्याचं घर दहा मिनिटांवर. तो आला की पोर त्याच्याकडे देऊन दोन्ही हातांनी बसायचं, असं ठरलं होतं.

दारात सासूबाई, सिंधुताई, पदराला हात पुसत उभ्या होत्या. मघाही येऊन गेल्या होत्या. तेव्हाही काही बोलल्या नाहीत. दामिनीही बोलली नाही.

दोन वाजून तीन मिनिटांनी फोन थरथरला.

"निघालास?" ती कुजबुजली.

"कुठून निघतो? रिलीव्हरच नाही आला. सुपेल्यात जाममध्ये फसून राहिला म्हणते."

"अरे, पण माझी मीटिंग आहे ना!"

"तं का करू? क्रेन सोडून येऊ? पिघळल्या लोखंडानं भरलेली लॅडल लटकून राहिली यार. तिले सांगू का, जरा रुक, माझ्या बायकोची मीटिंग हाय?"

"कोणाला तरी बसव ना तिथं."

"क्रेनवाल्याची पोरगी हायेस तू. तुले मालूम नाही का?"

मालूम होतं. तिचे बाबा, दयाराम, बत्तीस वर्षं प्लांटच्या त्याच शॉपमध्ये क्रेनवर होते. जेवताना सांगायचे, येणाऱ्याचा हात हँडलवर पडला की मगच आपला काढायचा. टाइम झाला म्हणून उठून जाणाऱ्याबद्दल ते जे बोलायचे, ते आई पोरींना ऐकू द्यायची नाही.

फोन ठेवता ठेवता दामिनी थांबली. सपाट रेघेकडे पाहत राहिली.

हे तिनेच लिहिलं होतं. छोट्या ब्लॉकने प्रोग्राम मेमरीत ठेवायचा, मग मेमरीकडचा रस्ता प्रोसेसरच्या हवाली करायचा. पण प्रोसेसर 'मी आलो' म्हणेपर्यंत रस्ता सोडायचा नाही, ही अट तिची. कोणी सांगितली नव्हती. तिला ती सांगावी लागतच नव्हती. आणि 'मी आलो' म्हणण्याआधी प्रोसेसरला तो प्रोग्राम वाचायचा होता, जो मेमरीत होता, जिकडे जायला तोच एक रस्ता. हा सोडेना, तो येऊ शकेना. दोघंही नियमाने उभे.

"गाढव आहे मी," ती म्हणाली.

एक अट खोडायची होती. फक्त एक. नंतरच्या चाचणीला पंधरा मिनिटं लागायची. दोन वाजून आठ.

डाव्या हाताने ती ओळीवर गेली. दोन अक्षरं चुकली. खोडायला गेली तर खालचं सगळंच गेलं. ते परत आणताना कोपर हललं आणि उन्नती कुरकुरली. दामिनी श्वास धरून बसली. डोळे भरून आले; पुसायला हात नव्हता.

"आई, घंट्यापासून तिथं उभ्या आहात तुमी," ती दबक्या आवाजात फुटली. "दिसून नाही राहिलं का? घ्या ना हिला!"

"परवा घेतली तं तूच म्हणली, राहू द्या आई, तुमच्याजवळ रडते. मंग कायले हात लावू? तू दे म्हणशीन तवा घेईन न."

"मला वाटलं, तुमी घ्याल."

"मले वाटलं, तू देशीन."

दामिनी बोट ओढू लागली.

"ओढू नोको."

सिंधुताई गुडघे धरत खाली बसल्या. हळदीने पिवळं पडलेलं आपलं खरखरीत बोट त्यांनी त्या मुठीत हळूच सारलं, दामिनीच्या बोटाला लागून. काही वेळ मुठीत दोन्ही बोटं होती. कोणी हललं नाही. मग मूठ जराशी सैल झाली, आणि पुन्हा मिटली ती एकाच बोटावर.

"जाय आता," सिंधुताई म्हणाल्या. "मी हाय."

दोन वाजून बारा. दामिनीने घामाने ओलं झालेलं बोट कुर्त्याला पुसलं आणि त्याच बोटाने ती अट खोडली.