शेवटच्या रिळातली किंकाळी

"पुन्हा एकदा घेऊ या, मावशी," धाकटे म्हणाले.

काचेपलीकडे माईकसमोर उभ्या असलेल्या बाईंनी मान डोलावली, घसा खाकरला आणि किंकाळी फोडली. किंकाळी कसली, पायावर झुरळ चढल्यावर निघते तशी आरोळी ती. रेकॉर्डिस्ट मुलीने मुकाट्याने यंत्र थांबवलं.

पडद्यावर चाळीस वर्षांपूर्वीच्या बाई होत्या. पांढरा झगा, मोकळे केस, आ वासलेलं तोंड. आवाज मात्र नाही. शेवटच्या रिळाचा ध्वनिपट्टा बुरशीने खाऊन टाकला होता.

चित्रपट म्हणाल तर अगदीच टाकाऊ. भुताचा हात रबराचा, रक्त म्हणजे लाल सरबत, आणि धुक्यामागे सिगारेट ओढत उभा असलेला कामगार स्वच्छ दिसायचा. तेव्हा तो आठवडाभरही चालला नव्हता. आता तरुण पोरं जुन्या, खरखरत्या कॅसेटवर बघून त्याच्यावर जीव टाकत होती. रबरी हाताला टाळ्या वाजवायची, खिदळायची आणि शेवटच्या रिळाला चिडीचूप व्हायची. त्या किंकाळीला कोणी कधी हसलं नव्हतं.

धाकटे म्हणजे दिग्दर्शकाचे चिरंजीव. वडिलांनी या चित्रपटापायी जन्मभर टिंगल सोसली. तोच धुऊनपुसून पुन्हा पडद्यावर आणायचा, या एका ध्यासाने धाकट्यांना पछाडलं होतं. आणि ती किंकाळी गेली, तर उरत काय होतं? लाल सरबत.

बाई बाहेर येऊन खुर्चीत टेकल्या.

"नाही रे जमत. तेव्हा तरी कुठे जमत होती?" त्या रेकॉर्डिस्टकडे वळल्या. "याच्या बापाने अशाच खोलीत सकाळपासून ओरडायला लावलं होतं मला. शेवटी धावत आला आणि म्हणाला, ढब्बू पाण्याच्या टाकीत पडला! माझं एवढंसं पोर गं. मी ओरडले. तर तो म्हणतो, छान, झालं काम. ढब्बू बाहेर मजेत बिस्किटं खात बसलेला."

"मग?"

"मग काय, सगळ्यांदेखत एक थोबाडीत दिली ठेवून." बाई हसल्या. पण हसू फार टिकलं नाही. "अजून त्याला यायला जरा उशीर झाला ना, की माझ्या पोटात गोळा येतो. चांगला घोडा झालाय, केस पिकलेत, तरी येतो."

मग त्यांनी धाकट्यांकडे रोखून पाहिलं. "तू बापाचे गुण उधळू नकोस हं. माझ्या पोराचं नाव घ्यायचं नाही. दे शब्द."

"दिला, मावशी."

बाई पुन्हा आत गेल्या. पुन्हा झुरळच. धाकटे रेकॉर्डिस्टच्या कानाशी वाकले.

"आता एकच इलाज आहे."

"मुळीच नाही. तुम्ही शब्द दिलाय."

"दोन मिनिटं रडतील. मग मी पाय धरीन."

"तर मी उठून जाते. यंत्र तुम्हीच चालवा."

धाकटे पडद्यावरच्या त्या मुक्या तोंडाकडे बघत राहिले आणि बाहेर गेले. आत कुणाचा फोन वाजू नये म्हणून सगळ्यांचे फोन बाहेरच्या खोलीत ठेवायचा इथला नियम होता. बाईंचाही तिथेच होता. आता हा माणूस तो हातात घेऊन धावत येणार, हे रेकॉर्डिस्टला स्पष्ट दिसलं. तिला त्याची किळस आली. बाईंना आधीच सावध करावं म्हणून तिने काचेपलीकडे बोलायच्या बटणाकडे हात नेला.

तेवढ्यात बाई ओरडल्या.

रेकॉर्डिस्टने हेडफोन ओरबाडून काढले. तरी तो आवाज डोक्यात घुमतच राहिला. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. तिने वळून पाहिलं. दार बंद होतं. आत कोणीही आलं नव्हतं.

बाई गळा चाचपत बाहेर आल्या. "जमली का गं?"

"तुम्हाला कोणी काही सांगितलं?"

"कोण सांगणार? मी तर पडद्याकडे बघत होते. आपली आपणच आली, पार पोटातून." त्यांनी दोन्ही दंड घट्ट धरले. "पंखा बंद कर जरा. हुडहुडी भरलीय."

पंखा बंदच होता.

रेकॉर्डिस्टने रीळ मागे घेऊन लावलं. चाळीस वर्षांपूर्वीचं तोंड आणि आत्ताचा आवाज. तसूभर फरक नाही. ओठ मिटले, तिथेच आवाज तुटला. तिला मनापासून आनंद झाला. खोटेपणा न करताच काम फत्ते झालं होतं.

दार उघडलं. बाईंचा फोन हातात घेऊन धाकटे उंबऱ्यातच उभे होते. चेहरा पांढराफटक.

"मावशी," ते म्हणाले, "ढब्बू..."

बाई खदखदून हसल्या. "अगदी बापावर गेलाय! तोंडसुद्धा तसंच पाडलंय बघ. उशीर केलास रे. झाली तुझी किंकाळी. आता खोटं बोलायची गरजच उरली नाही."

धाकट्यांनी फोन पुढे केला. तो चालूच होता, आणि पलीकडून कोणी अनोळखी माणूस पुन्हा पुन्हा विचारत होता, "हॅलो, ऐकताय ना? त्यांच्या आई आहेत का तिथं?"