दुसरी झेरॉक्स

"हिचं नाव काय?" टेबलापलीकडच्या साहेबांनी आईला विचारलं. संजना त्यांच्या अगदी समोरच्या खुर्चीत बसली होती.

"संजना गांगुर्डे," आई म्हणाली. "एप्रिलमध्ये चोवीस पूर्ण झाली."

"बोलते?"

"शब्द येतात तोंडात, पण मनातले येत नाहीत, साहेब. ऑटिझम आहे तिला."

साहेबांनी कागदावर खूण केली. त्यांच्या शेजारी समितीच्या डॉक्टरबाई पुढची फाईल चाळत होत्या. टेबलाच्या कडेला संजनाचा भाऊ अश्विन उभा होता, अंबडच्या कंपनीतून अर्ध्या दिवसाची रजा टाकून आलेला. ही समिती त्यालाच संजनाचा कायदेशीर पालक नेमणार होती. आईचं हृदयाचं ऑपरेशन झाल्यापासून तो या कागदामागे लागला होता, तेही काळजीपोटीच. एकदा शिक्का बसला की संजनाने कुठे जायचं, काय करायचं, हे अश्विन ठरवणार.

त्याने काय ठरवलंय ते संजनाला माहीत होतं. काल सकाळी स्वयंपाकघरात तो आईला सांगत होता, "ती मखमलाबादची नर्सरी आता बंद. पल्लवी मॅडमना सांगायला काय जातं? बसमध्ये काही झालं तर?"

नर्सरीत ती तीन महिने जात होती. द्राक्षाच्या कलमांना जातीचं लेबल बांधायचं काम. घरी सतत भिरभिरणारे तिचे हात तिथे शांत व्हायचे. गेल्या आठवड्यात थॉमसनच्या एका अख्ख्या ट्रेला सोनाका या दुसऱ्याच जातीची लेबलं लागली होती. पानांवरून फक्त तिच्या ते लक्षात आलं. मालक म्हणाले, "संजनाताई, वाचवलंत आम्हाला." ताई! तोवर तिला कुणी ताई म्हटलं नव्हतं.

हे सगळं तिला सांगायचं होतं. एका बोटाने अक्षरं जुळवून मोबाईलमधून बोलायला तिच्या शिक्षिकेने, नर्सरीचं काम मिळवून देणाऱ्या पल्लवी मॅडमनी, तिला शिकवलं होतं. पण मोबाईल आईच्या पर्समध्ये होता. तिने पर्सचा पट्टा ओढला.

"भूक लागली?" आईने तिच्या हातात बिस्किट ठेवलं.

संजनाने बिस्किट टेबलावर ठेवलं आणि पुन्हा पट्टा ओढला.

"मोबाईल हवा असेल," अश्विन म्हणाला. "टाइप करते ती, साहेब. खरंच करते."

मोबाईल हातात आला. बोट भलतीकडेच पळत होतं, त्याला एकेका अक्षरावर ओढून आणावं लागत होतं. डोक्यावरची ट्यूबलाइट करकरत होती. मला. मग का. मग म.

"राहू दे," साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले. "अजून एकोणीस प्रकरणं आहेत. अंगठा घेऊन टाकू."

अश्विनने तिच्या हातातून मोबाईल हळूच काढून घेतला.

"पुढे सरका," संजना म्हणाली. "मखमलाबाद, मखमलाबाद, पुढे सरका." आवाज बसच्या कंडक्टरचा होता. भीती वाटली की तिच्या तोंडून असे दुसऱ्यांचेच शब्द बाहेर पडत.

साहेब हसले. "बसने फिरायला जायचंय वाटतं!"

फॉर्म आणि शाईचा पॅड तिच्यापुढे आला. 'अर्जातील व्यक्ती स्वतःचे निर्णय घेण्यास असमर्थ आहे.' तिने ओळ वाचली. तिच्याखाली अंगठ्यासाठी चौकोन होता. तिने पॅडवर अंगठ्याऐवजी बोट टेकवलं, आणि कुणाला काही कळायच्या आत फॉर्मवर आडवं लिहिलं. अक्षरं वाकडीतिकडी आली, काना टेबलावर उतरला. पण वाचता येत होतं.

नको.

"अरे, अरे! खराब केला की फॉर्म!"

डॉक्टरबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "काहीतरी लिहिलंय का तिने?"

अश्विनचे कान लाल झाले. "रेघोट्या मारते हो. घरीही मारते." हे तो कागदाकडे न बघताच म्हणाला. "सॉरी सर. दुसरी झेरॉक्स आहे माझ्याकडे."

त्याने फाईलमधून कोरा फॉर्म काढून टेबलावर ठेवला. डॉक्टरबाई पुन्हा आपल्या फाईलकडे वळल्या.

आईची नजर मात्र अजून पहिल्याच कागदावर होती. मग ती संजनाच्या कानाशी वाकली. "मी किती दिवस पुरणार गं तुला? रात्र रात्र डोळा लागत नाही. दे, बाळा. माझ्यासाठी दे."

संजना कुणाच्या डोळ्यांत बघायची नाही, हातांकडे बघायची. टेबलाच्या काठावर आईचा हात थरथरत होता. ऑपरेशनआधी तो कधी थरथरायचा नाही.

संजनाने स्वतःच अंगठा शाईवर टेकवला. कुणाला तिचा हात धरावा लागला नाही. मग चौकोनात बरोबर मधोमध, रेषेला जराही न लागू देता, उमटवला.

"शाब्बास!" साहेब खूश झाले. "बघा, सगळं समजतं हिला."

आईने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलले. पण तोवर शिपायाने दारातून पुढचं नाव पुकारलं होतं.