करंजवाडीची घंटागाडी

नुसरतने घंटागाडी करंजवाडीच्या पारापाशी उभी केली आणि गाणं बंद केलं. तीन दिवस ते गाणं तिने वाडीभर वाजवलं होतं आणि तीन दिवसांत एका घरातून केळ्याचं साल बाहेर आलं नव्हतं. आज चौथा दिवस. आजही घरोघरचे स्टिकर स्कॅन करणाऱ्या मशीनवर शून्य दिसलं तर उद्या किल्ली दुसऱ्याच्या हातात, असं मुकादमाने सकाळीच बजावलं होतं. पाच वर्षं शहरातले रस्ते झाडून मग कुठे ती स्टिअरिंगमागे बसली होती. झाडू वाईट नसतो, पण एकदा किल्ली हातात आली की झाडू जड लागतो.

पारावर हौशीराम बसले होते. दिवाळीत वाडी पालिकेत गेली आणि त्यांचं सरपंचपद गेलं. पार तेवढा राहिला.

"भाऊ, कचरा नका देऊ. दारावरचे स्टिकर तरी स्कॅन करू द्या," नुसरत म्हणाली.

"गळालं समदं. ऊन लय हाय औंदा."

"अख्ख्या वाडीचे?"

"अख्ख्या वाडीला ऊन हाय." हौशीरामांनी पानाला चुना लावला. "आमी मागितला नळ. आली घंटागाडी."

नुसरतच्या गल्लीतही नळाला दिवसाआड पाणी येत होतं आणि तिथले लोक म्हणत होते, या वाड्या गळ्यात घेतल्या म्हणून आपलं पाणी आटलं. दोन्हीकडचं ऐकून तिचे कान किटले होते. शिव्या मात्र दोन्हीकडच्या घंटागाडीलाच.

तेवढ्यात गाडी हलली. मागे जाऊन पाहते तर पारासमोरच्या सरुबाईंच्या म्हशीने ओल्या कचऱ्याच्या कप्प्यात मान घातलेली. नुसरत पहाटे मंडईतून फेरी करून आली होती. कप्प्यात कोबीची पानं, मुळ्याचा पाला, फ्लॉवरचे देठ, सगळं ताजं होतं. वैशाख निम्मा सरलेला, वाडीतल्या जनावरांनी दोन महिने भाताच्या वाळल्या पेंढ्याशिवाय काही पाहिलं नव्हतं.

सरुबाई काठी उगारून धावत आल्या. कप्प्यात पाहिलं आणि काठी खाली आली.

"हे कुटं चालवलंस?"

"डेपोवर. टाकायला."

"टाकाया?" सरुबाईंनी कोबीचं पान उचलून उलटंपालटं केलं. "आगं, ह्याच्यावर माजी म्हस दूध वाढवल."

भरलेला कचरा मध्येच कुठे उतरवायचा नाही, असा नियम होता. नुसरतला तो आठवला. मग किल्लीही आठवली, ती तशीही जाणारच होती. तिने मागची फळी खाली पाडली. "घ्या, मावशी."

सरुबाईंनी हाक दिली तशी शेजारची शालन पाटी घेऊन आली, चंपा पोतं घेऊन आली. दहा मिनिटांत गाडी धुतल्यासारखी झाली. वाडीत भरायला आलेली घंटागाडी वाडीने रिकामी केली होती.

हौशीराम पारावरून उतरले. "सरुबाई, गावानं काय ठरीवलंय?"

"कचरा द्याचा न्हाई आसं ठरलंय. घ्याचा न्हाई आसं कुटं ठरलंय?"

हे ठरवणाऱ्या बैठकीचे अध्यक्ष हौशीरामच होते, आणि गोठ्यात त्यांच्याही दोन म्हशी होत्या.

"उद्याबी येळंवर ये गं," सरुबाई म्हणाल्या.

"उद्या मी नसेन, मावशी." आणि नुसरतने सांगून टाकलं, मशीनचं, शून्याचं, किल्लीचं.

सरुबाईंना वाईट वाटलं आणि त्याहून जास्त राग आला, थोडा तिचा, बराचसा स्वतःचा. "मंग तीन दिस तोंड शिवलं व्हतं का तुजं? आमचं भांडान पालिकेशी हाय. तुज्याशी कदी व्हतं?"

त्या घरात गेल्या. पिठाच्या डब्यामागून घडी न मोडलेला स्टिकर काढला आणि चौकटीवर तळव्याने दाबून बसवला. नुसरतने हळूच हौशीरामांकडे पाहिलं.

"तो सावलीत व्हता," हौशीराम म्हणाले आणि पुन्हा पारावर जाऊन बसले. शालन आणि चंपा आपापले स्टिकर हुडकायला घरी पळाल्या.

नुसरतने स्टिकर स्कॅन केला तसं मशीन वाजलं. चार दिवसांत पहिल्यांदा शून्याचं एक झालं. नुसरतने मोठा श्वास सोडला. मग पडद्यावर प्रश्न आला, घराने ओला कचरा दिला का? हो किंवा नाही. तिचं बोट तिथेच थांबलं. हो म्हणावं तर खोटं, आणि नाही म्हणावं तर त्याहून खोटं.

"काय झालं?" सरुबाईंनी विचारलं.

"दिला का, एवढंच विचारतंय, मावशी. घेतला, असा रकानाच नाही यात."

सरुबाईंनी त्या चिमुकल्या पडद्यात डोकावून पाहिलं.

"मंग तसा रकाना पाडाया लाव," त्या म्हणाल्या. "आता आमीबी पालिकेतच हाय न्हवं?"