पाण्याच्या दिवशी

स्कूटीला किल्ली लावून चारुता निघणार, तोच स्वराली गेटात आडवी उभी राहिली.

"आई, आज तू थांब ना घरी. मी शाळेत जाते."

चारुता वैतागलीच. नळाला पाणी नवव्या दिवशी यायचं, तेही कधी सकाळी नऊला तर कधी भर दुपारी. बोअरनं फेब्रुवारीतच मान टाकली होती. नवरा नोकरीला पुण्यात, तिची बँक दहाची. मग मोटार लावायला घरी कोण थांबणार, तर तेरा वर्षांची स्वराली. सातारा परिसरातल्या त्या नव्या वसाहतीत निम्म्या घरांची हीच तऱ्हा होती. शाळेतल्या बाईसुद्धा आताशा गैरहजेरीचं कारण विचारत नसत.

"नाटकं नको करू स्वरा. टाकी भरली की मॅगी करून खा."

स्वराली हलली नाही. एका हाताची नखं कुरतडत होती आणि दुसऱ्या हातातला फोन तिनं मांडीशी दाबून धरला होता. ते पाहिलं आणि चारुता स्कूटीवरून उतरली.

"दाखव तो फोन."

नाव नव्हतं, नुसता नंबर. सुरुवात अगदी साधी. 'बेटा, तुमच्या गल्लीला अकराला पाणी सोडणार.' त्यावर स्वरालीचं 'थँक यू काका.' दोनदा तेच. मग, 'घरी एकटीच असतेस का गं?' मग, 'एक फोटो पाठव, बघू केवढी झालीस.' मग फोटोसाठी नुसता तगादा. आणि आज सकाळी सातला, 'आज पाणी ना? अकराला येतो, मोटार लावून देतो. आईला सांगू नको, उगाच रागवेल.'

भ्यालेलं माणूस आधी आपल्याच माणसावर ओरडतं, तशी तीही ओरडली.

"कुणाला दिलास नंबर? कुठल्या रीलखाली टाकलास? लाखदा सांगितलं तुला, अनोळखी माणसाला..."

"मी नाय दिला." स्वरालीनं आईच्या पर्सकडे बोट केलं. "तुझ्या फोनमध्ये बघ. पाण्याच्या ग्रुपवर."

पाण्याच्या ग्रुपवर सहाशे माणसं. रहिवासी होते, प्लंबर होते, टँकरवाले होते, प्लॉट बघायला एकदा येऊन गेलेलेही होते. उन्हाळा लागताना चारुतानं स्वतःच तिथं लिहिलं होतं, 'गल्ली नंबर चार. मी ड्यूटीवर असते, मुलगी स्वराली घरी एकटी असते. पाणी सुटलं की कृपया तिला कळवा.' खाली स्वरालीचा नंबर. त्यावर सव्वीस अंगठे आले होते. केवढा आधार वाटला होता तेव्हा त्या अंगठ्यांचा.

"तूच म्हणालीस, कुणी पाण्याचं कळवलं तर थँक यू म्हणायचं," स्वराली म्हणाली. "मला वाटलं, तू ओळखतेस त्यांना."

"कधीपासून चाललंय हे?"

"चार पाण्यांपासून."

नऊ चोक छत्तीस दिवस. एवढे दिवस आपण रोज हिला डबा करून देत होतो, वेणी घालत होतो.

"मग सांगायचं नाय का मला?"

"सांगणार होते. पण तू म्हणशील, मग पाणी कोण भरणार."

चारुतानं त्या सगळ्या मेसेजचे स्क्रीनशॉट काढले, बँकेत फोन करून येत नाही म्हणून सांगितलं. "बस मागं," ती म्हणाली. "पोलीस ठाण्यात जाऊ आधी."

तेवढ्यात अंगणातला नळ फुरफुरला. आधी हवा, मग गढूळ धार. शेजारच्या सरूबाईंची मोटार घरघरली, पाठोपाठ पलीकडची. स्वराली सवयीनं स्विचकडे धावली.

"राहू दे ते."

"अगं पण आई, पुढचे नऊ दिवस?"

चारुतानं तिला दंडाला धरून बाहेर आणलं आणि गेटला कुलूप घातलं. स्वराली मागं बसली, दोन्ही हातांनी आईला घट्ट धरून. गल्लीतल्या सगळ्या मोटारी चालू होत्या. चारुताच्या अंगणातला नळ तेवढा जमिनीवर मोकळा वाहत राहिला.