डाव्या पिळाचे सरगुंडे

तारानं वाटीतला एक सरगुंडा उचलला, त्याच्या पिळावरून बोट फिरवलं आणि वाटी दूर सारली.

"हे मायचे नाईत."

"तिच्याच मडक्यातले हायेत, बाई. खाय ना," अनसूया म्हणाली. तिला खोटं बोलणं कधी जमलंच नाही.

"मायचे इकडून फिरते. हे तिकडून फिरते." पोरीनं भिंतीकडे तोंड केलं.

एवढीशी पोर, पण हट्ट बघा! माय गेल्यापासून तिनं दुसऱ्या कशाला तोंड लावलं नव्हतं. भाकर नको, वरण-भात नको, शिरासुद्धा नको. मायनं मागच्या उन्हाळ्यात करून वाळवलेले सरगुंडे, दुधागुळात शिजवलेले, तेवढेच खायची. ते मडकं आता रिकामं झालं होतं. हातापायांच्या काड्या झाल्या होत्या. असंच चाललं तर पोर राहत नाही, हे सांगायला वैद्य कशाला हवा?

सरगुंडे म्हणजे काही मोठी विद्या नव्हे. कणकेची बारीक वळी काडीवर गुंडाळायची, काडी काढून घ्यायची, उन्हात वाळवायचं. वऱ्हाडातल्या पोरी झोपेतही करतील. पण ताराची माय, म्हणजे खुशालरावाची पहिली बायको शकुन, डावखुरी होती. तिच्या सरगुंड्यांचा पीळ उलटा पडायचा. दुसरेपणावर आलेल्या अनसूयेनं डाव्या हातानं करून पाहिले, तर वळी तुटून तुटून हातात येई.

"मले तं जमून नाई राहिलं, आत्याबाई," ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

आत्याबाई म्हणजे खुशालरावाची आत्या, गोदाबाई. खुशालराव कापसाच्या गाड्या घेऊन अमरावतीला गेला होता. समुद्रापल्याड कुठं लढाई जुंपली म्हणे, कापसाचा भाव आभाळाला भिडला, आणि इथं त्याच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. अनसूयेच्या गळ्यात शकुनच्या नावाचा, बाईची मूर्त उठवलेला टाक होता, तोही तसाच चांदीचा, चांगला जाडजूड. दुसरीनं सवतीचा टाक गळ्यात घालायचा आणि जेवायच्या आधी पहिला घास तिला दाखवायचा, ही रीत.

"तिले घास दाखव, पाया पड अन् उठ," गोदाबाई म्हणाली. "पन तिच्यापाशी काही मांगू नको. मेल्या मानसाले द्यावं, त्याच्यापासून घेऊ नये."

"काहून?"

"काहून म्हने! सांगितलं तेवढं आयक."

गोदाबाई गोठ्याकडे गेली. अनसूयेनं चुलीपुढं बसून टाक मुठीत धरला. अंगणात चैत्राचं ऊन रखरखत होतं, आणि दिवसभर अंगाला लागून असलेला टाक मात्र आडाच्या पाण्यासारखा गार. आत तारा कण्हत होती. त्या आवाजानं अनसूयेचं काळीज तुटत होतं. पोर पोटची नव्हती, पण त्या घरात आपलं म्हणावं असं तिला दुसरं होतं तरी कोण?

"बाई, तुहा हात दे मले," ती म्हणाली. "तुही लेक जगू दे. मंग माहं काय पायजे ते घे."

काही झालं नाही. भांडं वाजलं नाही, वारा सुटला नाही. अनसूया नाक पुसून उठली, कणीक पुढ्यात ओढली आणि वळी डाव्या हातात घेतली.

हात भराभर चालू लागला. ती बघतच राहिली. बोटं तिचीच, हिरव्या बांगड्याही तिच्याच, पण हात काही तिला विचारून चालत नव्हता. ताट भरलं तेव्हाच तो थांबला. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. मग ताटाकडे पाहून ती हसली.

दुपार कलेपर्यंत सरगुंडे खडखडीत वाळले. तिनं ते दुधागुळात शिजवले आणि वाटी ताराच्या पुढं ठेवली. तारानं पिळावरून बोट फिरवलं. एक खाल्ला. मग दोन्ही हातांनी बकाबका खायलाच लागली, दूध हनुवटीवरून गळू लागलं.

"माय, आनखी दे."

"घे वं, माही सरकी," अनसूया म्हणाली.

गोदाबाई दारात उभी होती, तिच्या हातातलं सूप खाली पडलं. शकुन पोरीला सरकी म्हणायची. ती गेल्यावर ते नाव त्या घरात कोणी काढलं नव्हतं, आणि अनसूयेला तर कोणी सांगितलंही नव्हतं.

महिनाभरात पोर भरली. अंगणात धुडगूस घालायला लागली. गाव म्हणे, सावत्र माय असावी तर अशी! गोदाबाई तेवढी तिच्या हातांकडे बघत राहायची. अनसूया कुंकूही आता डाव्या हातानं लावत होती, आणि उजवा हात नुसता मांडीवर पडून राहायचा.

अखजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आदल्या सकाळी नारायण आला. अनसूयेचा थोरला भाऊ, शेंदूरजनाघाटाहून, तिला सणाला माहेरी न्यायला. धुळीनं माखलेला, डोक्यावर आंब्यांची पाटी. अंगणात पाय ठेवल्या ठेवल्या ओरडला, "अनसू! चाल लवकर. मायनं बलावलं तुले. तुही वाट पाहू पाहू रडून राहिली थे."

अनसूया ओसरीवर ताराची वेणी घालत होती. तिनं मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. मग पदर पुढं ओढून घेतला आणि पोरीचा हात धरून दाराआड गेली.

नारायणाला वाटलं, थट्टा करते. पाटी तशीच डोक्यावर धरून तो हसत उभा राहिला. गोदाबाईनं मात्र पदर ओढणारा तो डावा हात पाहिला होता.

आतून आवाज आला, चांगला स्वच्छ, अदबीचा.

"आत्याबाई, पाव्हन्याले पानी द्या. अन् इचारा, कोन्या गावचे हायेत."