मुक्तीचा भाग

"म्होरं बस. टीव्हीच्या म्होरं," कस्तुराबाई सुनेला म्हणाल्या. "तुला न्हाई, तिला दिसलं पायजे."

दीपमाला दाराशीच उभी राहिली. "आत्याबाई, लुकलुकत्या उजेडाकडं बघू नको म्हणलेत डॉक्टर. त्यानं झटका येतो."

"डाक्टरला काय कळतंय बाहेरचं?"

'तिला' म्हणजे गुणाला, कस्तुराबाईंच्या मुलाच्या, बजरंगच्या पहिल्या बायकोला. गुणा बाळंतपणात गेली. दवाखान्याची गाडी आलीच नाही, असं गावाला माहीत होतं. दुसरेपणावर आलेल्या दीपमालाला झटके येऊ लागले, तेव्हा गुणानेच तिला धरलं, हेही गावाने ठरवलं. अहमदपूरच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या आणि एकही चुकवू नका असं बजावलं होतं. गावचा भगत म्हणाला, डॉक्टरचं खालचं औषध चालू असलं की देवाचं वरचं लागू पडत नाही. तेव्हापासून गोळ्या कस्तुराबाईंच्या पेटीत होत्या. कालच्या झटक्यात दीपमाला चुलीशेजारी पडली होती. मनगटावरचा फोड अजून ओला होता.

मालिकेचा आज शेवटचा भाग होता. मेलेली थोरली सून धाकटीच्या अंगात शिरलेली, आणि आज सासू तिची माफी मागणार, तिला मुक्ती मिळणार. आठवडाभर जाहिरातीत तेच दाखवत होते.

"बस की," बाजेवरून बजरंग म्हणाला. "एवढा एक भाग."

दीपमाला बसली.

पडद्यावरच्या सासूने जरीचा पदर पसरला आणि सुनेच्या पायावर डोकं ठेवलं. शेजारच्या साखराबाई नाक ओढत म्हणाल्या, "माझी सासू अशी माफी मागणारी आसती तर मेल्यावर कशाला, मी जितेपणीच सुटले आसते."

"गप गं," कस्तुराबाई म्हणाल्या.

थोरली सून हसली. तिच्यातून पांढरा उजेड फुटला आणि लुकलुकू लागला. दीपमालाने मान खाली घातली. कस्तुराबाईंनी तिची हनुवटी धरून वर केली.

"बघ. कसं सुटायचं ते बघ."

आधी डावा हात ताठला. मग मान वळली, आणि दीपमाला आडवी झाली. टाचा फरशीवर आपटत राहिल्या. साखराबाईंनी कांदा फोडून तिच्या नाकाशी धरला. बजरंग बाजेवरून उठला आणि नुसता उभा राहिला.

झटका ओसरला. दीपमालाच्या ओठाच्या कोपऱ्यात रक्त होतं. आवाज दुरून येत होते. ते आधी नुसते ऐकू आले, अर्थ मागून आला.

कस्तुराबाई तिच्या उराशी वाकल्या होत्या. दुसरेपणाच्या बाईने गळ्यात पहिलीचा टाक घालायचा, अशी रीत. चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली ती बोटभर बाई त्यांनी मुठीत धरली होती आणि तिच्याशी बोलत होत्या.

"गुणे, माफ कर गं माय. गाडी आलती. मीच माघारी लावली. अमुशाची रात व्हती. भगत म्हणला, उजाडेपतोर उंबरा वलांडू दिऊ नका. तू वरडत व्हतीस. मी म्हणलं, पहिलटकरीण हाय, वरडनारच."

"गाडी आलती?" बजरंगने विचारलं. "माय, मी नांदेडहून फोन केला तवा तू तर..."

"तू मधी बोलू नको. मी तिच्याशी बोलायलेय."

बजरंग खाली बसला. बाजेवर नाही, जिथे उभा होता तिथेच.

"आता सोड हिला," कस्तुराबाई टाकाला म्हणाल्या. "काय पायजे ते माग. हिरवं लुगडं नेसवते. खणानारळानं वटी भरते. दहीभात ठिवते. बोल, गुणे."

दीपमालाने डोळे मिटूनच ठेवले. कोणीतरी आपलं नाव घेऊन हाक मारेल म्हणून ती थोडा वेळ थांबली. कोणी मारली नाही.

"कस्तुरे," ती म्हणाली.

त्या घरात कस्तुराबाईंना असं म्हणणारं कोणी उरलं नव्हतं. साखराबाईंच्या हातातला कांदा तसाच राहिला.

"हाव, गुणे. बोल, लेकरा."

"ह्या पोरीच्या गोळ्या आण."

कस्तुराबाईंना कमरेची किल्ली लवकर सुटेना. त्या आतून अख्खी पिशवीच घेऊन आल्या, तांब्याभर पाणी आणलं. दीपमाला भिंतीला टेकून उठून बसली आणि एक गोळी गिळली. पाणी जिभेला झोंबलं. जीभ चावली गेली होती.

"रोज खायाच्या. पेटीत ठिवायच्या न्हाईत. हिच्यापाशी ऱ्हातील."

"हिच्याच हाती दिते. आण घे माझी."

"अन् त्या भगताला दारात उभं करायचं न्हाई."

"न्हाई करत."

टीव्हीवर मालिका संपली होती. सगळं घर ओळीने उभं राहून प्रेक्षकांना हात जोडत होतं. मेलेली सूनही मध्ये उभी होती, हसत. बजरंगने वर पाहिलं नाही.

कस्तुराबाईंनी पदराने डोळे पुसले. चेहरा हलका झाला होता. त्या आणखी जवळ सरकल्या आणि हळूच, लाडीगोडीने म्हणाल्या,

"आता सुटलीस ना, माय? जातीस ना?"

दीपमालाने पिशवी मांडीखाली ओढून घेतली.

"जाऊ कुठं, कस्तुरे? माझं नांदायचं ऱ्हायलंय."