अप्पांच्या कापडाच्या बाह्या

निनाद हे लिहिणारच नव्हता. स्वतःची फजिती कोण सांगतं? पण श्रीनूचे उपकार मनातून जाईनात.

श्रीनूच्या साखरपुड्याचा कुडता तो शिवत होता. शिवण शिकला मोबाईलवर बघून. कापड हातमागाचं, श्रीनूच्या अप्पांनी विणलेलं शेवटचं. आता त्यांना दिसत नाही. चिंधीही वाया जाऊ नये म्हणून निनादने घडी न घालता एकेक भाग सुटा बेतला, आणि त्या नादात दोन्ही बाह्या डाव्याच कापल्या!

आणखी एका बाहीपुरतं कापड उरलं नव्हतं. साखरपुडा उद्यावर. श्रीनू आला तेव्हा तो डोकं धरून बसलेला.

"अप्पांच्या कापडाची वाट लावली रे मी."

श्रीनूने एक बाही उचलली, पालटली आणि दुसरीशेजारी ठेवली. झाली की उजवी!

"येड्या, छापील कापड असतं तर गेलं होतं. अप्पांच्या विणकामाला उलटी बाजूच नसते. शिव आता."

निनादला हसू आणि रडू एकदमच आलं. त्याने खाली पडलेले तुकडे एकेक करून गोळा केले.

"यातला एकही टाकणार नाही. हेच जोडून तुझ्या पोराचं पहिलं झबलं शिवीन. शब्द आहे माझा."